पुतळ्याचें माप

गेल्या भाद्रपदांत गौरीच्या सणानिमित्त आम्हांस वेल्ह्याकडे जाण्याचा योग आला. आमची धाकटी बहीण त्या तालुक्यांतील एका खेड्यांत दिलेली आहे. (तालुक्याचें नांव बदलून राजगड करण्याचा निर्णय २०२४ सालीं झाला, परंतु जुन्या माणसांच्या तोंडीं अद्याप वेल्हेंच आहे, आणि ह्या बाबतींत आम्हीही जुन्यांतच मोडतों.) नसरापूर सोडून मार्गासनीच्या वाटेला लागलें कीं दुतर्फा भाताचीं खाचरें दिसूं लागतात. त्यांतील एका बांधावर एक बुजगावणें उभें होतें. आडव्या-उभ्या दोन काठ्या, त्यांवर फाटका सदरा, आणि सर्वांत वर पालथें घातलेलें काळें मडकें. मडक्यावर चुन्यानें डोळे काढलेले होते. ते इतके वटारलेले, कीं गाडी पुढें गेल्यावरही आम्हांस उगाच मागें वळून पाहावेंसें वाटलें. दुसऱ्या दिवशीं बहीण व भाची ह्यांजबरोबर आम्ही कापडखरेदीसाठीं भोरास गेलों, तों तेथें एका दुकानाच्या ओट्यावर सहा-सात पुतळे ओळीनें उभे. अंगावर एकापेक्षां एक वस्त्रें होतीं, परंतु डोकें मात्र एकालाही नव्हतें. मान जेथें संपावयाची तेथें ती दुधी भोपळ्यासारखी स्वच्छ कापलेली. पांखरांना पळवून लावण्यासाठीं जें उभें करावयाचें त्याला डोळे हवेत, आणि माणसांना जवळ बोलाविण्यासाठीं जें उभें करावयाचें त्याला डोळे नकोत, हा काय प्रकार आहे, असा प्रश्न मनांत आला तो पुढें कांहीं केल्या पाठ सोडीना.

दुकानदार ह्या वस्तूस पुतळा म्हणतो, नाहीं तर नुसतें डमी. इंग्रजींत व फ्रेंचांत तिला मॅनेकिन म्हणतात. हा शब्द मूळ डच भाषेंतला, आणि त्याचा अर्थ 'छोटा माणूस' असा आहे. आमच्या लहानपणीं भोरच्या पेठेंत हा छोटा माणूस पाहिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. दुकानदार गादीवर बसून ठाणामागून ठाण उलगडीत असे. साडी असली तर पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून दाखवी, आणि त्या मिशाळ गृहस्थाच्या खांद्यावर जरीचा पदर पाहून कोणासही हसूं येत नसे. कारण आपण काय पाहावयाचें आहे हें सर्वांस ठाऊक होतें. पुतळे पुढें आले. पहिल्यानें आले ते गुलाबी गालांचे, लाल ओठांचे आणि निळसर डोळ्यांचे. कानद खोऱ्यांतून बाजाराला येणाऱ्या बायका त्यांच्यासमोर थबकत, थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत, आणि मग साडीकडे.

दुकानाचे मालक आमच्या परिचयाचे निघाले. त्यांचे चिरंजीव एके काळीं आमच्या वर्गांत होते. आम्हीं त्यांस सरळच विचारलें कीं, ह्यांचीं डोकीं कोठें गेलीं? ते हसून म्हणाले, "सर, डोक्याचाच सगळा ताप. नाक गेलं की पुतळा गेला. उन्हानं रंग उडतो, केसांच्या टोपाचा वर्षभरात झाडू होतो, आणि तोंड जुनं दिसायला लागलं की अंगावरचा नवा कपडासुद्धा गिऱ्हाइकाला जुना वाटतो. हे बिनडोक्याचे बरे." मग त्यांनीं हौसेनें आम्हांस पोटमाळ्यावर नेलें. तेथें पुतळ्यांच्या दोन पिढ्या धूळ खात पडल्या होत्या. एक ती गुलाबी गालांची. तिच्या पुढची, जिला डोकें आहे पण डोक्यावर नाक-डोळे कांहीं नाहींत, नुसतें अंड्यासारखें गुळगुळीत. आणि तिसरी पिढी खालीं ओट्यावर नोकरीस होतीच.

भोरच्या पोटमाळ्यावर जें पाहिलें तेंच जगांत मोठ्या प्रमाणावर घडलेलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठमोठ्या कांचांचीं दुकानें पॅरिससारख्या शहरांतून निघालीं, तेव्हां त्या कांचांमागें मेणाचे पुतळे आले. त्यांना कांचेचे डोळे व खरे केस लावीत, आणि दिव्यांच्या उष्णतेनें मेण मऊ पडूं लागलें म्हणजे दुकानदाराची धांदल उडे. १९३० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कमध्यें लेस्टर गाबा नांवाच्या शिल्पकारानें सिंथिया नांवाची एक पुतळी केली. हे गृहस्थ तिला बरोबर घेऊन उपाहारगृहांत व मेजवान्यांत जात, आणि १९३७ सालीं लाइफ साप्ताहिकानें तिचीं छायाचित्रें छापलीं. ह्या वेडेपणांतली एक गोष्ट मात्र आम्हांस विचार करण्यासारखी वाटते. ही पुतळी खऱ्या बाईसारखी दिसावी म्हणून तिच्या अंगावर तीळ-वांग दाखविले होते आणि तिचीं पाउलें लहानमोठीं ठेविलीं होतीं. माणसाचें साम्य साधावयाचें तर त्याच्या उणिवांसकट साधलें पाहिजे, एवढी जाण त्या काळच्या कारागिरास होती. पुढें १९६० नंतरच्या दशकांत लंडनच्या ॲडेल रूटस्टीन ह्यांनीं प्रत्यक्ष तरुणींवरून पुतळे घडविले. त्यांत ट्विगी ह्या अत्यंत सडपातळ मुलीचा पुतळा विशेष गाजला. त्यानंतर हळूहळू तोंडावरचे डोळे गेले, मग तोंड गेलें, आणि शेवटीं डोकेंही गेलें. त्या मुलीचा सडपातळपणा तेवढा मागें राहिला.

आतां चेहरा गेला हें बरें झालें कीं वाईट? आमच्या सहाध्यापकांपैकीं एकाजवळ हा विषय काढतांच त्यांनीं खेद व्यक्त केला. यंत्रयुगानें माणसाचें डोकें उडविलें, आतां केवळ धड उरलें, वगैरे. हा खेद ऐकावयास बरा वाटतो, पण आम्हांस तो मान्य नाहीं. त्या गुलाबी चेहऱ्यांनीं आपल्याकडील मुलींस जें शिकविलें तें कांहीं फारसें उदात्त नव्हतें. पंचवीस-तीस वर्षें भोरच्या पेठेंतील प्रत्येक साडी, प्रत्येक शालू, एका गोऱ्यापान परक्या तोंडाखालीं टांगला गेला. उन्हांत भात लावून आलेल्या बाईला ह्या वस्त्रावर शोभणारें तोंड तुझें नव्हे, असें कोणी शब्दांनीं सांगितलें असतें तर तिनें त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. न बोलतां सांगितलें म्हणून तें खपलें. तो चेहरा गेला, तेव्हां एक असत्य गेलें. आणि त्याबद्दल अश्रू ढाळावेत असें आम्हांस वाटत नाहीं. चेहरा नसलेला पुतळा निदान असें तरी म्हणतो कीं, तोंड तुझें तूं आण.

येथपर्यंत आमचा विचार आला असतां, आणि आम्ही त्यावर थोडेसे संतुष्टही झालों असतां, आमच्या भाचीनें तो मोडून काढला.

ती ह्या वर्षीं महाविद्यालयांत जाऊं लागली आहे, आणि तिच्यासाठीं एक पोशाख घ्यावा असें ठरलें होतें. ओट्यावरील पुतळ्याच्या अंगावरचा निळा कुर्ता तिला आवडला. तसाच दुसरा घेऊन ती आंतल्या खोलींत गेली, घालून बाहेर आली, आरशांत पाहिलें, दाराबाहेरच्या पुतळ्याकडे पाहिलें, पुन्हां आरशांत पाहिलें, आणि 'नको' म्हणाली. आईनें दुसरे दोन दाखविले; तेही नकोत. परततांना एस.टी.त आम्हीं विचारलें तेव्हां बऱ्याच वेळानें ती म्हणाली, "मामा, ड्रेस चांगलाच होता. मीच त्यात बसत नव्हते."

हें वाक्य ऐकून आम्ही चमकलों. आपली भाषा असें बोलत नाहीं. कापड अंगावर बसतें, किंवा अंगाला होतें, किंवा होत नाहीं. नाहीं झालें तर दोष कापडाचा असतो, फार तर शिंप्याचा. हिच्या आजीचा खण तोकडा पडला असतां तिनें शिंप्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. स्वतःच्या दंडाला दोष देण्याचें तिच्या स्वप्नांतही आलें नसतें. नऊवारी लुगड्याला तर मापच नव्हतें. तेंच लुगडें सासूनें नेसावें, तेंच सुनेनें, आणि ज्या अंगावर चढेल त्या अंगाचा आकार त्यानें घ्यावा. शिंप्याच्या गळ्यांत फीत असे ती अंगाचें माप घेण्यासाठीं. तयार कपडे आले आणि हा संबंध उलटा झाला. कापड आधीं मापाप्रमाणें निघालें, आणि अंगानें येऊन आपलें माप त्याच्यापुढें सिद्ध करावें अशी व्यवस्था लागली. आम्ही तयार कपड्यांच्या विरुद्ध नाहीं. ते स्वस्त असतात, आणि आमच्या अंगावर आत्तांही तेच आहेत. पण ह्या उलटापालटीचा परिणाम एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या व्याकरणांत उतरावा, कर्त्याच्या जागीं 'मी' येऊन बसावा, हें आम्हांस क्षुल्लक वाटेना.

आम्हांस एक गोष्ट ठाऊक होती, ती आम्हीं तिला त्या वेळीं सांगितली. ती आंत पोशाख घालून पाहत होती तेव्हां आम्ही सहज त्या पुतळ्याच्या मागें जाऊन उभे राहिलों होतों. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर अशी सोय नाहीं. तेथें पुतळा कांचेच्या आड, आणि त्याची पाठ भिंतीकडे. भोरांत तो उघड्या ओट्यावर उभा, त्याच्या मागून कोणीही जावें. त्या निळ्या कुर्त्याला पाठीमागें चार टांचण्या लावून दोन चिमट्यांनीं कापड ओढून धरलेलें होतें. इतकें, कीं पाठीवर त्याची वीतभर चुणी झाली होती. ही युक्ति कांहीं भोरची नव्हे. सर्वत्र दुकानें सजविणारे हेंच करतात. भाचीनें ऐकून घेतलें आणि विचारलें, "म्हणजे तो ड्रेस त्या पुतळ्यालासुद्धा होत नव्हता?" आम्हीं म्हटलें, नव्हता. ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "पण समोरून तर होत होता."

असत्य चेहऱ्यावरून गेलें खरें. पण तें दुकान सोडून गेलें नव्हतें. तें कमरेशीं उतरून राहिलें होतें.

आतां कोणी तर्कशास्त्री म्हणेल कीं, पुतळा कांहीं बोलत नाहीं, विधान करीत नाहीं. आणि जेथें विधान नाहीं तेथें असत्य कसलें? ह्या आक्षेपाचें आम्हांस पुष्कळ दिवस उत्तर सुचत नव्हतें, कारण वर्गांत आम्ही स्वतःच हें शिकवितों. परंतु पुतळ्याच्या मनगटाला एक चिठ्ठी बांधलेली असते, आणि तीवर किंमत असते. नुसता पुतळा कांहीं म्हणत नसेल. चिठ्ठी बांधलेला पुतळा म्हणतो कीं, इतके रुपये दिलेस म्हणजे हें तुला मिळेल. 'हें' म्हणजे काय? दुकानदार म्हणतो, कुर्ता. मुलगी समजते, कुर्ता असा दिसणें. ह्या दोन अर्थांमधल्या फटींत सारा व्यापार चालतो, आणि टांचण्या लावणाऱ्याला ती फट नीट माहीत असते. जो ऐकणाऱ्याची गैरसमजूत होणार हें जाणून, ती व्हावी म्हणूनच योजना करतो, त्यानें तोंड उघडलें नाहीं म्हणून तो सुटत नाहीं. सिंहासनबत्तिशींतल्या पुतळ्या बोलत असत. भोजराजा सिंहासनावर चढूं लागला कीं प्रत्येकीनें त्याला अडवून विचारावें, विक्रमाचें औदार्य तुझ्या ठिकाणीं आहे काय? तोही अपमानच, पण तो तोंडावर केलेला होता, आणि औदार्य ही प्रयत्नानें वाढविण्यासारखी वस्तु आहे.

कंबर ही तशी वस्तु आहे काय? १९९२ सालीं रिंटाला व मुस्तायोकी ह्या फिनलंडमधील दोघां संशोधकांनीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनीं १९२० नंतरच्या निरनिराळ्या दशकांतील दुकानी पुतळ्यांचीं मापें घेतलीं आणि तीं हयात स्त्रियांच्या मापांशीं ताडून पाहिलीं. दुसऱ्या महायुद्धापूर्वींचे पुतळे सामान्य निरोगी बाईच्या अंगलटीचे होते; पुढच्या दशकांतले मात्र इतके कृश होत गेले, कीं तशा देहाच्या बाईच्या अंगीं ऋतुधर्म चालू राहण्यापुरतीही चरबी बहुधा राहणार नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१७ सालीं लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनीं इंग्लंडांतील दोन शहरांतले पुतळे पाहिले. त्यांत स्त्रीरूप पुतळे झाडून सारे वाजवीपेक्षां कमी वजनाच्या देहाचे आढळले, पुरुषरूपांत मात्र तसे थोडे. (पुरुषांच्या पुतळ्यांस छातीचे स्नायु देण्याची चाल आहे. आमच्या स्वतःच्या घेराविषयीं येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं.) म्हणजे आमची भाची ज्या देहाशीं आपला देह ताडून पाहत होती, तो देह धारण करून कोणी बाई निरोगी राहूं शकेल कीं नाहीं ह्याचीच शंका आहे.

ह्यावर कलेचे अभिमानी म्हणतील, आदर्श हा नेहमींच वास्तवाहून निराळा असतो. ग्रीकांच्या मूर्ति तरी कोठें शेजाऱ्यापाजाऱ्यांसारख्या होत्या? खरें आहे. आपल्या शिल्पशास्त्रानेंही मूर्तीचीं मापें ठरवून दिलीं आहेत. कोणती मूर्ति नवताल असावी, कोणती दशताल, हें सांगितलें आहे. परंतु ताल म्हणजे काय? हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत चेहऱ्याची लांबी. मूर्तीचें सारें शरीर तिच्याच मुखाच्या मापानें मोजावयाचें, असा हा नियम आहे. शिवाय तीं मापें देवांसाठीं सांगितलीं. भाविकानें दशताल होऊन देवळांत यावें असें कोणी म्हटलें नाहीं. मूर्ति उंच चौथऱ्यावर, आपण खालीं, आणि मधलें अंतर दोघांनाही मान्य. दुकानांतला पुतळा आमच्याच ओट्यावर, आमच्याच उंचीला येऊन उभा राहतो, आणि त्याच्याजवळ मापाला मुखच नाहीं.

आपल्या समाजाला पुतळ्यांची चिंता वाटत नाहीं असें नव्हे. २०१३ सालीं मुंबई महानगरपालिकेच्या सभेनें असा ठराव केला कीं, अंतर्वस्त्रें घातलेले पुतळे दुकानांबाहेर मांडूं नयेत. त्यांमुळें पुरुषांचीं मनें बिघडतात. ह्या ठरावाची देशांत व बाहेरही थट्टा झाली. आम्ही ती करीत नाहीं. आदल्याच डिसेंबरांत दिल्लींत जें घडलें होतें त्यानें लोक हादरलेले होते. पण लक्षांत घेण्यासारखें हें कीं, चर्चा सारी पुतळ्याच्या अंगावर काय आहे ह्याची झाली, अंगाची नाहीं. पुतळ्याकडे पाहून पुरुषाचें काय होतें हें विचारलें गेलें. मुलीचें काय होतें हें विचारावयाचें राहून गेलें. तिकडे अफगाणिस्तानांत हेरात येथें जानेवारी २०२२ मध्यें तालिबानच्या अधिकाऱ्यांनीं पुतळ्यांचीं मुंडकीं उडविण्याचा हुकूम काढला. पुढें काबूलच्या दुकानदारांनीं डोकीं वांचविण्यासाठीं त्यांवर पिशव्या व बुरखे चढविले. तेथें दुकानदार डोक्यासाठीं रडला. आमच्याकडे त्यानें होऊन तें काढून ठेविलें आणि पैसे वांचले म्हणून समाधान मानलें. आणि २०१९ सालीं लंडनमधील एका मोठ्या दुकानांत स्थूल देहाचा पुतळा उभा केला, तेव्हां आरोग्याच्या नांवानें जो गदारोळ उठला, तो करणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं त्याआधींच्या पन्नास वर्षांत उपाशी पुतळ्यांच्या आरोग्याची चौकशी केली होती?

बंदीचे ठराव आम्हांस नकोत. आम्हीं भोरच्या त्या मालकांस इतकेंच विचारलें होतें कीं, एखादा भरल्या अंगाचा पुतळा आणून कां ठेवीत नाहीं? गिऱ्हाइकें तर तशींच येतात. ते म्हणाले, "मिळतच नाही, सर. साचा एकच." मग त्यांनीं जरा विचार करून म्हटलें कीं, टांचण्या मात्र काढून टाकतां येतील; पण मग कुर्ता पोत्यासारखा लोंबेल आणि विकला जाणार नाहीं. गृहस्थ प्रामाणिक होते. अडचण त्यांचीही खरी होती.

त्याच पेठेंत पुढें एका दुकानांत गौरीचें सामान मांडलेलें होतें. मुखवटे होतेच, शिवाय हल्लीं गौरीचे तयार देहही मिळतात, हात व सिंहकटि ह्यांसह. आमच्या बहिणीकडे गौरी उभ्या राहतात त्या पत्र्याच्या दोन डब्यांवर. डबे तांदळानें भरलेले असतात, त्यांभोंवतीं साडी, आणि वर पितळी मुखवटे. हे मुखवटे तिच्या सासूच्याही सासूपासून चालत आलेले. वर्षांमागून वर्षें गौरीचें मुख तें एकच; अंग म्हणजे घरांत जें धान्य असेल तें. दुकानदारानें आग्रहानें एक तयार देह तिच्या हातांत दिला. तिनें तो उचलून पाहिला, बोटानें वाजवून पाहिला.

"आतून पोकळ आहे का हो हे?"

"फायबरचं आहे, ताई. वजनाला एकदम हलकं."

"मग तांदूळ कशात भरायचे?"

दुकानदार आमच्याकडे पाहूं लागला. बहिणीनें तो देह जागच्या जागीं ठेविला आणि आम्ही दोन साड्या तेवढ्या घेऊन निघालों.

संध्याकाळीं भाची साडी नेसवावयास बसली. चौकोनी डब्यावर निऱ्या ठरेनात, म्हणून तिनें आईचें एक जुनें लुगडें त्याभोंवतीं गुंडाळून त्याला गोलाई आणिली. मुखवटा बसविण्यापूर्वीं तिनें झाकण काढून आंत पाहिलें. तांदूळ दोन बोटें कमी होते. ती उठून आंत गेली, ओंजळी-ओंजळीनें आणून तिनें डबा काठोकाठ भरला, आणि पुन्हां निऱ्या करावयास बसली.